संत्र्याच्या बागेपूर्वी हरळीचा बंदोबस्त

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पेढी नदीच्या काठी वलगाव हे गाव आहे. संत गाडगे महाराजांनी २० डिसेंबर १९५६ रोजी या गावाजवळ, पेढी नदीपाशी देह ठेवला. महाराजांची रीत वऱ्हाडात सर्वांच्या परिचयाची आहे. गावात आले की प्रथम हातात खराटा घेऊन गाव झाडून काढावयाचे आणि मग रात्री कीर्तनास उभे राहावयाचे. आधी सफाई व मागाहून पुढचे कार्य, हा क्रम ज्याला नवी बाग लावावयाची आहे त्या शेतकऱ्यानेही ध्यानात ठेवावयास हवा. हरळी असलेल्या वावरात बाग लावली, तर ती हरळी पुढे बागेच्या आयुष्यभर निघत नाही. ती काढण्याचा खरा काळ कलमे लावण्यापूर्वीचाच होय.

वलगावहून पुढे अचलपूर व चांदूर बाजारच्या बाजूस संत्र्याचा मुलूख लागतो. विहिरीस पाणी आहे व जमिनीतून पाण्याचा निचरा होतो, अशा ठिकाणी कपाशीच्या वावरात संत्रा लावावा असे पुष्कळ शेतकऱ्यांच्या मनात येते. जमीन, पाणी व कलमे यांचा विचार सर्वजण करतात. परंतु वावरात हरळी किती आहे, ती किती खोल गेली आहे आणि ती काढावयास किती दिवस लागतील, याचा विचार सहसा कलमे लावून झाल्यावर सुरू होतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो.

दोन शेजाऱ्यांचे उदाहरण

असे समजावे की, वलगावच्या शिवारात दोन शेजाऱ्यांना एकेक एकर संत्रा लावावयाचा आहे. दोघांच्याही वावरात धुऱ्याकडून हरळी आत शिरलेली आहे. पहिल्याने उन्हाळ्यात एक वखरपाळी दिली. वरची हरळी वाळलेली दिसली, तेव्हा रान साफ झाले असे मानून त्याने खड्डे खणले व पावसाळ्यात कलमे लावली. गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्यास सांगून पाहिले होते, "भाऊ, कलमे एक वर्ष थांबतील, हरळी थांबणार नाही." पण रोपवाटिकेत कलमे सांगून ठेवलेली होती आणि वर्ष वाया जाईल असे त्यास वाटले. दुसऱ्याने मात्र एक वर्ष थांबावयाचे ठरविले.

पहिल्याच्या बागेत श्रावण सरता सरता प्रत्येक आळ्यात हरळीचे धुमारे दिसू लागतील. आळ्यास दिलेले पाणी व खत आधी हरळी खाईल. कलमाचे वय लहान व मुळ्या थोड्या, तर हरळीचे जाळे आधीच पसरलेले. तेव्हा ह्या झगड्यात कोण मागे पडणार हे सांगावयास नको. निंदण करावे, तर हरळी वरून तुटते व खालून फुटते. खोल खणावे, तर कलमाच्या मुळ्या तुटतात. संत्र्याच्या अन्न घेणाऱ्या बहुतेक मुळ्या वरच्या फूटभर थरातच असतात. कुदळीने त्या दुखावल्या व आळ्यात पाणी साचून राहिले, की मूळकुज व डिंक्या यांस कारणीभूत होणाऱ्या फायटोप्थोरा बुरशीला वाट मिळते. म्हणजे हरळी ठेवली तरी नुकसान आणि काढली तरी नुकसान, असा पेच पडतो. सहा मीटर अंतरावर लावलेल्या बागेत एकरी सुमारे ११० झाडे बसतात. हा पेच त्या ११० आळ्यांपैकी प्रत्येकात, दर पावसाळ्यात पडावयाचा असतो. दुसऱ्या शेजाऱ्याचे एक वर्ष जाते खरे, पण पहिल्याची पुढची कित्येक वर्षे जातात.

हरळी मरत का नाही

हरळी म्हणजेच गणपतीस वाहावयाची दूर्वा. धुऱ्यावर ती माती धरून ठेवते, गुरांना ती आवडते आणि पाणवाटेवर तिच्यामुळे जमीन धुपत नाही. म्हणून हरळी ही सर्वत्र शत्रूच आहे असे नाही. पिकाच्या व बागेच्या जागेत मात्र तिच्याइतके चिवट तण थोडेच.

तिच्या चिवटपणाचे कारण तिच्या मुळीत आहे. आपण जिला हरळीची मुळी म्हणतो ती वास्तविक जमिनीखाली आडवे वाढणारे खोडच होय. तिला उसाप्रमाणे पेरी असतात आणि प्रत्येक पेऱ्यावर एक डोळा असतो. जमिनीच्या वरूनही तिचे दोर धावतात व जेथे पेरे ओल्या मातीस टेकते तेथे ते मूळ धरते. वीतभर मुळीचे चार तुकडे केले व चारही तुकडे ओलीत पडले, तर एका हरळीच्या चार हरळ्या होतात. म्हणून ओल्या रानात वखर किंवा रोटाव्हेटर फिरविणे म्हणजे हरळीची लावणी करण्यासारखे आहे. रोटाव्हेटर फिरविल्यावर रान आठ दिवस स्वच्छ दिसते, पण पंधरा दिवसांनी पूर्वीपेक्षा दाट हरळी उगवते, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल.

वरचे गवत जाळल्यानेही काही साधत नाही. आगीची धग मातीत फार खोल जात नाही. पाने जळतात, मुळी शाबूत राहते आणि मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा फुटते.

हरळीची तीन दुर्बल स्थाने मात्र आहेत. पहिले, उपटून उन्हात उघडी पडलेली मुळी वाळून मरते. दुसरे, हरळीला सावली सोसत नाही. तिसरे, मुळीतील अन्नाचा साठा मर्यादित असतो. नवा धुमारा फुटतो तेव्हा तो ह्या साठ्यावरच वाढतो, आणि पाने मोठी झाल्यावर तीच पाने साठा पुन्हा भरून काढतात. धुमारे लहान असतानाच ते वारंवार कापले, तर साठा रिता होत जातो. ऊन, सावली व उपासमार ह्या तिन्ही उपायांची एकामागून एक योजना केली, तरच हरळी जाते. त्यांपैकी एकाच उपायावर विसंबून राहिल्यास ती परत येते.

आधी तण ओळखावे

सर्व चिवट गवते एकसारखी नसतात, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी रानाची तपासणी करावी. वावरात निरनिराळ्या दहा ठिकाणी एक फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट खोल खड्डा घ्यावा आणि त्यातील माती हाताने फोडून पाहावी.

पांढरट, पेरी असलेल्या, दोऱ्यासारख्या मुळ्या सापडल्या तर ती हरळी. मुळ्या जाड, टणक व खाली खाली जाणाऱ्या असून वर राठ गवताचे ठोंब असतील, तर तो कुंदा. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील हे जुने दुखणे आहे. त्याची मुळी कित्येकदा नांगराच्या तासाच्याही खाली गेलेली असते. मुळ्यांना काळसर, सुवासिक गाठी असतील व वर तीनधारी दांडा असेल, तर तो लव्हाळा किंवा नागरमोथा होय. लव्हाळ्याच्या गाठी नुसत्या नांगरटीने सहजी मरत नाहीत. त्याचे धुमारे दर दोनतीन आठवड्यांनी काढीत राहावे लागते.

कोणत्या खड्ड्यात मुळ्या किती व किती खोल सापडल्या याची टिपणी ठेवावी. वर्षभराने त्याच ठिकाणी पुन्हा खड्डे घ्यावयाचे आहेत.

वर्षाचा कार्यक्रम

खोल नांगरट. रब्बीचे पीक निघाल्याबरोबर, जमीन दगडासारखी होण्यापूर्वी, पलटी नांगराने १० ते १२ इंच खोल नांगरट करावी. ढेकळे मोठी निघाली तरी ती फोडण्याची घाई करू नये. ढेकळाच्या पोटातील मुळी ढेकूळ तापल्यावरच वाळते. चैत्र-वैशाखात अमरावतीकडे पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. एरव्ही अंगाची लाही करणारे हे ऊन हरळी मारण्याच्या कामी फुकट मिळणारे औषधच आहे. तीनचार आठवडे रान तापल्यावर पहिल्या नांगरटीस आडवी अशी दुसरी नांगरट करावी, म्हणजे खाली राहिलेल्या मुळ्या वर येतील.

वेचणी. दुसऱ्या नांगरटीनंतर ढेकळे फोडून वखराने व दाताळ्याने मुळ्या ओढून घ्याव्यात आणि हाताने वेचून काढाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यास पर्याय नाही. वेचलेल्या मुळ्या धुऱ्यावर टाकू नयेत. उकिरड्यातही टाकू नयेत. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर त्या पुन्हा वावरात येतात. कडक जागेवर पातळ पसरून त्या पूर्ण वाळू द्याव्यात. मुळी मेली की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. ती वाकवून पाहावी. लवली तर ती जिवंत आहे असे समजावे. कडकन मोडली, तरी तिचे दहावीस तुकडे एका कुंडीत ओल्या मातीत पुरून पंधरा दिवस पाणी द्यावे. एकही कोंब आला नाही, तरच काम झाले असे समजावे.

सावलीचे पीक. पाऊस पडल्यावर रान उघडे ठेवू नये. ताग दाट पेरावा. तो भराभर वाढून जमीन झाकतो व खालच्या हरळीचा प्रकाश तोडतो. फुलावर येताना, म्हणजे साधारण दीड महिन्याने, तो जमिनीत गाडल्यास हिरवळीचे खतही मिळते. ज्याला वर्षाचे उत्पन्न अगदीच सोडता येत नाही, त्याने चाऱ्याची ज्वारी दाट पेरावी. तिचीही सावली चांगली पडते आणि गुरांना वैरण होते. कपाशीसारखे पहिले दोन महिने जमीन उघडी ठेवणारे पीक ह्या वर्षी त्या वावरात घेऊ नये.

उपासमार. खरिपाचे पीक निघाल्यावर रान ओलसर असते आणि वाचलेली हरळी जोराने फुटते. ह्या वेळी दर दोनतीन आठवड्यांनी पाहणी करून, धुमारा बोटभर होण्यापूर्वीच तो खुरप्याने वा कुदळीने मुळीसकट काढावा. रब्बीत हरभरा घ्यावयाचा असल्यास ओळींतील अंतर डवरा चालेल इतके ठेवावे. वखराच्या पाशीत व डवऱ्यात अडकलेल्या मुळ्या प्रत्येक पाळीनंतर वावराबाहेर साफ कराव्यात. नाही तर एका कोपऱ्यातील हरळी अवजारांबरोबर साऱ्या वावरात फिरते.

फेरतपासणी. दुसऱ्या उन्हाळ्यात पूर्वीच्याच दहा ठिकाणी खड्डे घ्यावेत. मुळ्या सापडल्या नाहीत, तर संत्र्यासाठी खड्डे खणून ते उन्हात तापू द्यावेत. एखाददुसऱ्या ठिकाणी सापडल्या, तर तेवढी जागा टिकावाने खणून मुळ्या वेचाव्यात. निम्म्याहून अधिक खड्ड्यांत सापडल्या, तर लावणी आणखी एक वर्ष पुढे ढकलणेच शहाणपणाचे ठरेल. कुंद्याच्या वावरात असे दुसरे वर्ष पुष्कळदा द्यावे लागते.

परसबागेसाठी निराळी युक्ती

घरामागे चार वाफ्यांची भाजीची बाग करावयाची असेल, तर तेथे नांगर फिरत नाही. अशा लहान जागेत मुळ्या खणून वेचाव्यात, जमीन सपाट करून तीस भरपूर पाणी द्यावे आणि तिच्यावर पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा कागद अंथरून कडा मातीने पक्क्या दाबाव्यात. चैत्र-वैशाखात चार ते सहा आठवडे कागद ठेवला म्हणजे आतील ओली माती इतकी तापते की वरच्या थरातील तणांचे बी व मुळ्यांचा बराच भाग मरतो. ही पद्धत इस्रायलमध्ये १९७० नंतरच्या दशकात पुढे आली. खोल गेलेल्या मुळ्या व लव्हाळ्याच्या गाठी हिला दाद देत नाहीत, म्हणून खणून वेचणे येथेही टळत नाही. कागद फाटू देऊ नये व काम झाल्यावर तो गुंडाळून ठेवावा. मातीत मिसळू देऊ नये.

औषधांविषयी सावधगिरी

हरळीवर औषध मारून मोकळे व्हावे असे अनेकांस वाटते. त्यांनी काही गोष्टी लक्षात घ्याव्यात. टू-फोर-डी हे रुंद पानांच्या तणांवरील औषध आहे. हरळी, कुंदा यांसारखी गवते त्याने मरत नाहीत. उलट वाऱ्याने त्याचा फवारा शेजारच्या कपाशीवर गेला तर कपाशीचे मोठे नुकसान होते, कारण कपाशी ह्या औषधास अतिशय हळवी आहे. ग्लायफोसेट पानांतून मुळीपर्यंत जाते, परंतु पाने हिरवी व जोमाने वाढत असतील तेव्हाच. उन्हाळ्यात सुकलेल्या हरळीवर ते मारणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर केवळ कीडनियंत्रणाचे काम करणाऱ्या अधिकृत चालकांमार्फतच करण्याचे बंधन घातले. तेव्हा कृषी अधिकाऱ्यास विचारल्यावाचून कोणतेही तणनाशक वापरू नये. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात पिकांवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर प्राणास मुकले, ही गोष्ट वऱ्हाडाने विसरता कामा नये.

यंत्र आले तरी पाठपुरावा हवा

वऱ्हाडात पूर्वी मशागतीचे मुख्य अवजार वखर हेच होते. नांगर दरवर्षी चालत नसे. हरळी-कुंद्याने रान धरले म्हणजे तो बाहेर काढीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला. अशा नांगरांमुळे मातीचा थर उलथून खालची मुळी उन्हात आणणे महाराष्ट्रातील शेतकऱ्यास सोपे झाले.

पुढे स्वातंत्र्यानंतर हाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झाला. मध्य भारतातील लक्षावधी एकर काळी जमीन कांस नावाच्या गवताने व्यापली होती. ती मोकळी करण्यासाठी केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन ही संघटना उभी केली. महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेले ट्रॅक्टर प्रथम तिच्या कामी आले. नंतर १९४९ साली जागतिक बँकेने शेतीयंत्रांसाठी भारतास १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. वऱ्हाडही १९५६ पर्यंत मध्य प्रदेश राज्यातच होते. ह्या अवजड ट्रॅक्टरांचे काम एकच होते. उन्हाळ्यात खोल नांगरट करून कांसाच्या मुळ्या वर काढावयाच्या व उन्हात वाळवावयाच्या. म्हणजे बैलांच्या नांगराने जे वलगावच्या एका एकरात साधावयाचे, तेच तेथे यंत्राने लक्षावधी एकरांत साधावयाचे होते. पण मुळी वर काढणे एवढेच यंत्राच्या हाती असते. खाली राहिलेला तुकडा शोधणे, पुढील पावसात रान पिकाखाली ठेवणे व धुमारा दिसताच काढणे, हे ज्याचे त्यानेच करावयाचे असते. ट्रॅक्टरने भाड्याने नांगरट करून घेणाऱ्या आजच्या शेतकऱ्यालाही हे तितकेच लागू आहे.

हरळी परत येऊ नये म्हणून

रान साफ झाले तरी धुरा हरळीचाच राहतो, आणि तो तसा राहणे जमिनीच्या हिताचेही आहे. म्हणून धुरा व बाग यांच्यामध्ये फूटभर रुंद व फूटभर खोल चर खणावा. धुऱ्यावरून धावणारे दोर चरात उतरतात व ते सहज दिसतात. महिन्यातून एकदा चर साफ केला की काम भागते. पाण्याच्या दांडातून हरळीचे तुकडे वाहत येतात, तेव्हा दांड स्वच्छ ठेवावेत. ठिबक सिंचनाची सोय असेल तर फारच चांगले, कारण दोन ओळींमधील जागा त्यामुळे कोरडी राहते. शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरावे. कलम आणताना त्याच्या मातीच्या गोळ्यात हरळीची मुळी नाही ना, हे उलगडून पाहावे. लावणीनंतर आळ्यात तुरीचे वा हरभऱ्याचे कुटार पसरावे, परंतु ते बुंध्यास टेकू देऊ नये. पहिली तीनचार वर्षे ओळींमध्ये मूग, उडीद किंवा हरभरा यांसारखी पिके घेतल्यास जमीन झाकलेली राहते व थोडे उत्पन्नही होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

ज्या गावात यंदा बागा लावण्याचा विचार चालू आहे, तेथे कार्यकर्त्यांनी कलमांची मागणी नोंदविण्यापूर्वी वावराची तपासणी करावी. शेतकऱ्याच्या समक्ष दहा खड्डे घ्यावेत व सापडलेल्या मुळ्या त्याच्या हातात द्याव्यात. व्याख्यानाने जे पटत नाही ते मूठभर जिवंत मुळ्या पाहून पटते. थांबणाऱ्या शेतकऱ्यास शेजारी हसतात, हेही ध्यानात ठेवावे. इतरांच्या बागा हिरव्या दिसत असताना आपले वावर नुसते नांगरून ठेवण्यास धीर लागतो. अशा शेतकऱ्याच्या वावरात कार्यकर्त्याने वर्षातून चारसहा वेळा जाऊन त्यास सोबत द्यावी आणि दुसऱ्या उन्हाळ्यातील फेरतपासणीस त्याच्या शेजाऱ्यांनाही बोलवावे. त्या दहा खड्ड्यांत एकही जिवंत मुळी निघाली नाही, तर पुढच्या वर्षी शेजारीही कलमे सांगण्यापूर्वी आपल्या वावरात खड्डे घेऊन पाहतील.